तुझ्या मशीनचे आकडे

आई, तुझं वर्कशॉपातलं मिलिंग मशीन काल दुपारी परत चालू झालं. ही बातमी ज्याला सांगावी असं तुझ्याशिवाय कोणी सुचेना, म्हणून मावशीच्या पडवीत वही घेऊन बसले आहे. बाहेर पाऊस धरून आहे. मावशी आत फणसाच्या आठळ्या सोलतेय आणि दर थोड्या वेळाने विचारतेय, "कोणाला लिहितंस गो एवढं?" ऑफिसचं काम आहे म्हणून सांगितलंय. उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला परत जायचं आहे. तू जाऊन चौदा वर्षं झाली, आणि या चौदा वर्षांत मी रत्नागिरीत इतके दिवस सलग राहिले नव्हते.

गेल्या आठवड्यात वर्कशॉपातून शेठचा फोन आला. आवाज आधी ओळखताच आला नाही, इतका बारीक झालाय. म्हणाले, "तुझ्या आईचं मशीन गेलं गो." मला वाटलं जळलं. तसं नव्हतं. वादळी पावसात लाइनीवर झाड पडलं आणि मिरजोळ्याची सगळी एमआयडीसी पाच दिवस अंधारात होती. मशीनच्या पाठीमागच्या कपाटातली, लाइट नसताना त्याचे आकडे जपणारी बॅटरी आधीच मरायला टेकली होती. तू असताना ती बॅटरी दर वर्षी खंडेनवमीला बदलली जायची, मशीन चालू ठेवून, आणि मग हळदकुंकू. तुझ्यामागे काही वर्षं कोणीतरी ते पाळलं. मग माणसं बदलली, पूजा राहिली, बॅटरी विसरली गेली. लाइट आल्यावर मशीन सुरू केलं तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत नुसते अलार्म. टेबल किती लांब, कुठे थांबायचं, सुरुवातीची जागा म्हणजे घर कुठलं, कुठल्या स्क्रूत किती ढील आहे, सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. मागे एकदा असंच झालं तेव्हा तू म्हणाली होतीस, "हातपाय धड आहेत, पण ते आपले आहेत हेच त्याला ठाऊक नाही."

शेठ सांगत होते, "मुलगा म्हणतो भंगारात काढू. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी तर हात वर केले, एवढ्या जुन्या कंट्रोलचं काम आता कोणी करत नाही म्हणतात. कपाटाच्या दारावरचा छापील कागद कसरीने खाल्लाय. पण बाईंची आकड्यांची वही आहे. आमच्या ऑपरेटरने वहीवरून आकडे घालून बघितले. टेबल एका अंगाला गेलं आणि धाडकन आपटून थांबलं. बाईंचा एक कुठला आणि नऊ कुठला, तेच आम्हाला कोणाला कळत नाही. तुला कळेल काय?"

मी रजा टाकली. वरिष्ठांना घरचं काम आहे म्हटलं.

हातखंब्याला उतरले तेव्हा शेठ स्वतः छत्री घेऊन उभे होते. पंच्याहत्तरीचा माणूस, पायात प्लास्टिकच्या चपला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गाडीत बसल्यावर घाई कशाची ते सांगितलं. मिरकरवाड्याच्या एका नाखवाच्या ट्रॉलरवर जाळं ओढायचा विंच असतो, त्याच्या गिअरबॉक्सची पेटी फुटली होती. नवीन ओतकाम येऊन पडलं होतं, पण त्यात बेअरिंगची भोकं पाडायची होती, आणि शेठच्या मुलाने घेतलेलं नवं मशीन लहान. त्याच्या टेबलावर ती पेटी बसतच नव्हती. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. पहिल्या पंधरवड्यातली कोळंबी गेली तर त्या माणसाचं आणि त्याच्या दहा खलाशांचं वर्ष गेलं. आम्ही पोचलो तेव्हा तो नाखवा वर्कशॉपच्या दारातच उभा होता. मला बघून शेठकडे बघितलं, आणि मग जरा चाचरत म्हणाला, "ताई, तुम्हीच काय त्या? बरं. आमची होडी पाण्यात जायला हवी एवढंच बघा."

वर्कशॉपात पाऊल टाकलं आणि मशीनवर सोडतात त्या पाण्याचा, कूलंटचा, तो आंबूस-गोड वास आला. आई, मी रोज कारखान्यांतून फिरते, रोज तो वास घेते, मला काही होत नाही. पण इथे तो तुझ्या हातांचा वास आहे. नाचणे गावातल्या आपल्या खोलीत तू संध्याकाळी नारळाच्या शेंडीने आणि साबणाने हात घासायचीस, तरी भात कालवून मला घास भरवताना तो वास यायचाच. मी तोंड फिरवायचे. तू म्हणायचीस, "आता काय करू, हात काढून ठेवू?"

मशीन पूर्वीसारखंच कोपऱ्यात आहे, खिडकीकडे तोंड करून. राखाडी रंग जागोजाग उडालाय. समोर ती फळी अजून आहे. पॅनल तुझ्या उंचीला जास्त वर पडायचं म्हणून सुताराकडून करून घेतलेली. साडीवर खाकी शर्ट चढवून तू फळीवर उभी राहायचीस आणि बटणं दाबताना ओठ हलायचे. मला ती फळी लागत नाही. पण पहिल्या दिवशी मी तिच्यावरच उभी राहिले, मान वाकवून.

तू या मशीनपर्यंत कशी पोचलीस ते मला अर्धं आठवतं, अर्धं ऐकून माहीत आहे. बाबा मुंबईला गोदीत होते. मी सहा वर्षांची असताना ते गेले आणि तू लांज्याकडचं गाव सोडून मला घेऊन रत्नागिरीत आलीस. शेठच्या वर्कशॉपात तुला झाडूचं काम मिळालं, मग मशीनवरून उतरलेल्या तुकड्यांच्या धारा कानशीने मोडायचं. मशीनवर कोल्हापूरचा एक ऑपरेटर होता. तू कानस चालवत त्याच्या पाठीमागे बसायचीस, तीन वर्षं. तो एके दिवशी दुबईला निघून गेला आणि मशीन बंद पडून राहिलं. शेठ डोक्याला हात लावून बसलेले, आणि तू म्हणालीस, "मी चालवते." सगळे हसले. शेठनी विचारलं, "बाई, इंग्रजी येतं काय तुम्हाला?" तू म्हणालीस, "नाही येत. पण तो कधी काय दाबायचा ते मला पाठ आहे." हे शेठनी परवा पुन्हा सांगितलं, आणि सांगताना ते हसले नाहीत. इंग्रजी अक्षरं तू चित्रासारखी काढायला शिकलीस. जी म्हणजे जा. एम म्हणजे मशीनचं बाकीचं काम, पाणी सोड, पाणी बंद कर. उजवी-डावी, पुढे-मागे, वर-खाली अशी तुझी तीन नावं होती. एक्स, वाय, झेड तू कधी म्हटलंच नाहीस.

वही जन्माला आली तो दिवस मला नीट आठवतो. शिमग्याच्या सुट्टीत वर्कशॉप बंद होतं, आणि सुट्टीनंतर मशीन पहिल्यांदा असंच सगळं विसरलं. पुण्याचा इंजिनिअर यायला आठवडा लागला. त्याने दारावरचा छापील कागद बघून चारशे आकडे घातले आणि तो गेला. तू शेठना म्हणालीस, "पुढच्या वेळी तो आला नाही तर?" आणि त्या कागदाची झेरॉक्स घरी घेऊन आलीस. मी तेव्हा तेरा वर्षांची. चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, बांगड्याचं तिखलं रटरटतंय, त्रिफळांचा वास खोलीभर, आणि तू भिंतीला टेकून मांडीवर वही घेऊन बसली आहेस. मी छापील इंग्रजी आकडे मोठ्याने वाचतेय, तू मराठीत लिहितेयस. काही आकडे नुसते शून्य आणि एकाचे होते, आठ-आठ. शून्य शून्य शून्य एक, शून्य शून्य एक शून्य. मला कंटाळा आला. बाहेर मैत्रिणी लगोरी खेळत होत्या. एक ओळ शून्यांचीच होती, ती मी गाळली आणि पुढे वाचत सुटले.

पानाच्या शेवटी तुझे आकडे आणि कागदाचे आकडे जुळेनात. तू वर बघितलंस. "कुठली सोडलीस?" मी म्हटलं, "सगळी शून्यंच होती. शून्याला काय किंमत असते?" तू मारलं नाहीस. तू कधीच मारलं नाहीस. स्टोव्ह बंद केलास, तिखलं तसंच अर्धं शिजलेलं, आणि म्हणालीस, "शून्य म्हणजे इथे थांब, असं त्याला सांगितलेलं असतं. ते तू खाल्लंस तर टेबल भिंतीत जाईल, आणि टेबलापुढे मी उभी असते." मग पहिल्या पानापासून सगळं परत वाचायला लावलंस. त्या दिवशी आपण जेवलो तेव्हा मैत्रिणी कधीच्या घरी गेल्या होत्या. मी रागाने तुझ्याशी बोलत नव्हते, फक्त तुझ्या हाताकडे बघत होते. तू एक वरून खाली काढायचीस आणि नऊ खालून वर. आकडे दिसायला सारखेच, पण तुझं पेन जिथे टेकायचं तिथे शाईचा बारीक ठिपका उमटायचा.

त्या ठिपक्यावरच सगळं निभावलं. वर्कशॉपातल्या भिंगाखाली वही धरली. ठिपका वर असेल तर एक, खाली असेल तर नऊ. तिथल्या ऑपरेटरला मी हे दाखवलं तेव्हा त्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला. "आम्ही इकडे चार दिवस डोकी फोडतोय, आणि हे एवढंच?" पहिल्या दिवशी नवीन बॅटऱ्या घातल्या, मेमरीतला उरलासुरला कचरा पुसला आणि मुख्य आकडे घातले, ज्यांच्यावर बाकीचे अवलंबून असतात. दुसऱ्या दिवशी उरलेले, एक पान सोडून. एकेक आकडा घालायचा, मोठ्याने वाचायचा, ऑपरेटरने वहीवर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचं. शून्यांची एकही ओळ सोडली नाही. तिसऱ्या दिवशी मोटारींना करंट दिला. लाल बटणावर तळहात ठेवून टेबल अगदी गोगलगाईच्या चालीने हलवलं. उजवीकडे सांगितलं, उजवीकडे गेलं. घरी जा म्हटलं, तर हळूहळू सरकत घरी गेलं आणि हिरवा दिवा लागला. नाखवा रोज येऊन दारात उभा राहायचा, आत मात्र यायचा नाही. दिवा लागला तेव्हा त्याने तिथूनच विचारलं, "झालं काय?" मी म्हटलं, "अजून नाही. चालतंय, पण खरं बोलतंय का ते बघायचंय."

खरं म्हणजे मी तिथे आल्यापासून एक पान टाळत होते. ते पान मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

तुला आठवत असेल. मी पॉलिटेक्निक करावं हे तुला आवडलं नव्हतं. "माझ्या हाताला येतो तो वास तुझ्या हाताला नको" एवढंच तू म्हणायचीस. तरी मी केलं, आणि पुण्यात अशाच मशीनांची दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा तू मला हौसेने वर्कशॉपात घेऊन गेलीस. तू नवीन साडी नेसली होतीस, वर तो खाकी शर्ट. सगळ्यांना सांगत होतीस, "आमची इंजिनिअर आली." मी तुझी वही उघडली. उजव्या-डाव्या स्क्रूची ढील, म्हणजे टेबल दिशा बदलताना मध्ये वाया जाणारी हालचाल, भरून काढायचा जो आकडा असतो तो छापील कागदावर सतरा मायक्रॉन होता. तुझ्या वहीत सेहेचाळीस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, हे साफ चुकलंय. कंपनीने सतरा दिलाय. असे मनाने आकडे नाही घालायचे." आणि खिशातलं लाल पेन काढून तुझा सेहेचाळीस खोडला, वर सतरा लिहिला, मशीनमध्येही घातला. डायल लावून एकदा मोजूनसुद्धा बघितलं नाही. तू फळीवरून खाली उतरलीस. "बरं," म्हणालीस. तेवढंच. घरी येताना तू मला भाट्याच्या समुद्रावर नेलंस, आपण सुरूच्या झाडांखाली शेंगा खाल्ल्या, आणि तू माझ्या कंपनीत बायका किती आहेत, राहायची सोय कशी आहे, असलं काय काय विचारत राहिलीस.

परवा ते पान उघडलं. माझा लाल सतरा तिथे आहे, ठसठशीत. आणि त्याच्याखाली, समासाच्या बाजूला, पेन्सिलने, इतका बारीक की आधी डागच वाटला, परत सेहेचाळीस.

शेठ बाजूला खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, "हा पेन्सिलचा आकडा आईने कधी लिहिला?" त्यांनी वही जवळ ओढून ते पान बघितलं. मग म्हणाले, "तू गेलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सहा पंपांच्या बॉड्या वाया गेल्या. भोकं गोल यायच्याऐवजी चेपल्यासारखी आली. मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या माझा हात चुकला. मी त्यांना बोललो तेव्हा. नको तेवढं बोललो, सगळ्यांदेखत. आठवड्याने वहीत ते लाल अक्षर बघितलं आणि माझ्या ध्यानात आलं."

"मग तुम्ही तिला काही म्हणालात?"

"म्हटलं, बाई, सांगायचं नाही काय? तर म्हणाल्या, शेठ, स्क्रू झिजलेत, मी दर वर्षी डायल लावून मोजते, म्हणून माझा आकडा वेगळा. पण तिची पहिली नोकरी आहे. तिचा पहिलाच आकडा चुकला हे तिच्या कानावर जाता कामा नये. माझ्याकडून कबूल करून घेतलं."

"मला इतकी वर्षं नाही सांगितलंत."

"कबूल केलं होतं ना. आज तू विचारलंस, तर खोटं काय सांगू?"

मी पॅनलकडे तोंड करून उभी राहिले. ऑपरेटर बिचारा उगीच कपड्याने टेबल पुसत बसला. आई, मला त्या वर्षीचे तुझे फोन आठवले. दर रविवारी सकाळी शेजारच्या दुकानातून करायचीस. "तिकडं मशीनं नवीनच असतात ना गो? झिजलेली नाही ना येत?" मी हसायचे. "पुस्तक उघडायच्या आधी हात लावून बघत जा बाय." मी हो हो म्हणायचे आणि मनात म्हणायचे, आता ही मला शिकवणार. तू मला माझी चूक सांगतच होतीस, फक्त ती माझी आहे असं कळू न देता. आणि मी खरोखरच पुढे कधीतरी आधी मोजायला शिकले. कुठल्या तरी साहेबाकडून शिकले असं आजवर मानत होते.

मग मी तुझा सेहेचाळीस घातला. तो घातला की सगळं जिथल्या तिथे बसेल असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणण्यापेक्षा तसं व्हावं असं मी धरूनच चालले होते. डायल लावला. टेबल उजवीकडे नेलं, काटा शून्यावर आणला, मग डावीकडे यायला सांगितलं. काटा मागे राहिला. परत केलं. पाच वेळा केलं. दर वेळी पंचवीस मायक्रॉन कमी. चौदा वर्षं मशीन चालतच होतं ना गं. तुझ्यामागेही स्क्रू झिजतच राहिला. तुझा आकडाही आता पुरत नव्हता.

डायलकडे बघत मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. सेहेचाळीसवर बोट ठेवून मला तो पुसवेना. मशीनमध्ये तुझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. शेवटी शेठ खुर्चीवरून म्हणाले, "काय गो, दमलीस?" मी म्हटलं, नाही, आणि त्यात पंचवीस मिळवून एकाहत्तर घातला. काटा बरोबर शून्यावर येऊन थांबला. तू असतीस तर तूही तेच केलं असतंस, आणि इतका वेळ लावला नसतास.

पेटी टेबलावर चढवली. पहिलं भोक पाडलं, मोजलं, गोल. दुसरं, तिसरं. शेवटच्या भोकासाठी नाखवा स्वतः बेअरिंग घेऊन आला. आता मात्र आत आला, चपला दारात काढून, देवळात यावं तसा. बेअरिंग हाताने ढकललं तर ते अलगद, जरासं अडत, आत जाऊन बसलं. तो पेटीवरून हात फिरवत राहिला. मग मला म्हणाला, "तुमच्या आईने माझ्या बापाच्या होडीचं काम केलेलं आहे. खाकी शर्टवाली बाई म्हणायचा बाप. तो सांगायचा, त्या बाईने दिलेलं काम परत आणावं लागत नाही." मी फक्त विचारलं, होडी कधी ढकलणार. म्हणाला, "भरती बघून, शुक्रवारी."

सगळे आकडे मी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतले, एक प्रत वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर ठेवली. आता एक आणि नऊचा घोळ होणार नाही. बॅटरी कधी बदलायची तेही कपाटावर रंगाने लिहून ठेवलं, मशीन चालू ठेवून बदला, असं मोठ्या अक्षरांत. वही मला पुण्याला न्यायची होती. पिशवीत घातलीही होती. मग ऑपरेटर म्हणाला, "ताई, ही इथेच राहू दे ना, कॉम्प्युटर बंद पडला तर?" अगदी तुझंच बोलणं. ठेवली. ठेवायच्या आधी त्या पानावर पेन्सिलने एकाहत्तर लिहिला, तुझ्या सेहेचाळीसच्या खाली, तेवढाच बारीक. लाल अक्षर खोडून टाकावं असं मनात आलं होतं. नाही खोडलं.

मावशी चहा घेऊन आली आणि गेली. हा कागद मी आता कुठे पाठवणार? पुण्याला नेईन, कपड्यांच्या कप्प्यात राहील. पण लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. शेठना सांगता आली असती, मावशीलाही, पण जीभ रेटली नाही. कंपनीत रुजू झाले त्या दिवशी एक फॉर्म भरायला दिला होता. माझ्या बाजूला शहरातल्या मुली बसल्या होत्या, कोणाची आई प्राध्यापक, कोणाची डॉक्टर. आईचा व्यवसाय, असा एक रकाना होता. बाकीच्यांना मिलिंग मशीनची ऑपरेटर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं असतं, आणि मला ते सांगायचं नव्हतं. मी तिथे "गृहिणी" असं लिहिलं. तो फॉर्म कंपनीच्या फायलीत अजून तसाच आहे.